तरंगणारी माशी

जबलपूरच्या छावणीतले इंग्रज अधिकारी नर्मदेवर गळ टाकीत, ते बहुधा महसीरसाठी. त्याला पाण्याखालचे आमिष लागे. चिलव्यासारखी लहान मासळी मात्र पाण्यावर पडलेला किडा टिपते. तिच्यासाठी पिसांची माशी घरीच बांधता येई. कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस गळाच्या दांडीभोवती गुंडाळले, की त्याचे तंतू पाण्यावर टेकतात, पृष्ठभागाचा ताण मोडत नाही आणि माशी तरंगते. कोंबडीचे मऊ पीस भिजून बुडते. इंग्लंडात हॅलफर्डने १८८६ साली या विद्येवर ग्रंथच लिहिला.

तरंगण्यास अंगणातला कोंबडा पुरे. पण विलायती कारागिरांना शोभेसाठी आपल्या करड्या रानकोंबड्याची ठिपकेदार मान हवी असे. अशा हौसेपायी पक्षी इतके मारले गेले, की १९०२ साली सरकारला पिसांची निर्यात थांबवावी लागली. चोरटा व्यापार त्यानंतरही चालला. नर्मदेच्या दक्षिणेस, सातपुड्यात, तो कोंबडा अजून आरवतो.