टोळी कोणाला म्हणायचे?

चार जणांनी मिळून एखाद्याला लुटले तर ती जबरी चोरी. पाचवा सामील झाला की तोच गुन्हा दरोडा होतो. १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३९१ ने ही मोजदाद घालून दिली आणि आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० मध्येही ती तशीच आहे. पाच हा आकडा कोणी का निवडला यावर वाद घालता येईल, पण तो मोजता येतो आणि कोर्टात तपासता येतो. याच जुन्या संहितेत आणखी दोन कलमे होती. कलम ४०० नुसार सवयीने दरोडे घालणाऱ्यांच्या टोळीत असणे हाच गुन्हा होता आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. कलम ४०१ नुसार सवयीने चोऱ्या करणाऱ्या ‘भटक्या किंवा इतर’ टोळीत असल्याबद्दल सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होती. इथे आकडा सुटला आणि त्याच्या जागी सवय आली. टोळीची व्याख्या माणसाच्या कृत्यावरून करायची की त्याच्या राहणीवरून, हा प्रश्न या दोन कलमांपासून आपल्या कायद्यात रुतून बसला आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा इतिहास समोर ठेवला, तर राहणीवरून केलेली व्याख्या दुबळ्यांवर पडते आणि कृत्यावरून केलेली व्याख्या बळवंतांपर्यंत पोचू शकते, एवढे तरी सिद्ध करता येते.

माहुलीच्या किल्ल्यापासून माळशेज आणि नाणेघाटापर्यंतचा हा सह्याद्रीच्या पायथ्याचा पट्टा. शहापूरच्या बाजूला पूर्वी कोळवण म्हणत. महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि वारली यांचा हा मुलूख. घाटावर आणि घाटाखाली सारख्याच सहजतेने वावरणारी माणसे सरकारी कागदांत फार लवकर ‘टोळी’ म्हणून नोंदली गेली. अकोले तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगरे यांनी सावकारांना लुटले आणि कंपनी सरकारला अनेक वर्षे झुंजवले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांच्यानंतर पाव शतकाने जुन्नरकडच्या होन्या केंगले यांनीही सावकारांवरच धाडी घातल्या. या लूटमारीत लोकांना इजा झाल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. पण धाडी घालणारे हात किती होते हे बाजूला राहिले आणि त्यांच्या जातीचा हिशेब सुरू झाला. १८८२ मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जमातींची वर्णने वाचली की हे लक्षात येते. खैराच्या झाडापासून कात काढणारा, कोळसा पाडणारा कातकरी तिथे आधी उपद्रवी, संशयास्पद माणूस म्हणून भेटतो आणि कष्टकरी म्हणून नंतर.

या संशयाला खतपाणी घालणारे कायदे त्याच काळात झाले. १८७८ च्या वन कायद्याने जंगलाची हद्द आखली आणि भाताच्या रोपासाठी राब भाजायला लागणारा टहाळ तोडणे परवानगीचे काम झाले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतका असंतोष उठला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. पुढे १८९२ चा मोह कायदा आला. तो खास याच दोन जिल्ह्यांसाठी होता आणि मोहाची फुले परवान्याशिवाय बाळगणे त्याने गुन्हा ठरवले. चैत्रात झाडाखाली पडलेली फुले वेचणारी बाई आणि तिची पोरे एका रात्रीत कायद्याबाहेर गेली. जी गोष्ट दरसाल, हंगाम आला की, सगळी वाडी मिळून करते, ती गुन्हा ठरवली तर करणारे आपोआप ‘सवयीचे’ ठरतात आणि वाडी आपोआप ‘टोळी’ ठरते. सवय हा शब्द कायद्यात घालताना हे ध्यानात घ्यायला हवे होते.

ते घेतले गेले नाही. उलट त्यावर इमारत उभी राहिली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ‘जमात, टोळी किंवा वर्ग’ हे तीन शब्द एका ओळीत बसवले. सरकारने अधिसूचना काढली की जन्मलेले मूलही त्या यादीत जाई. मुंबई इलाख्यात हा कायदा १९११ च्या दुरुस्त रूपात आला. देशभर तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पण त्याच्या आधीच, १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ५५ ने, ज्या टोळीच्या किंवा समूहाच्या ‘हालचाली किंवा तळ’ यांमुळे वाजवी संशय निर्माण होतो, तिला पांगवण्याचा आणि हद्दीबाहेर घालवण्याचा अधिकार पोलिसांना दिला होता. १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा मुंबई राज्याचा कायदा आला. त्यात जातीचे नाव नव्हते, पूर्वीच्या शिक्षा पाहायच्या होत्या, ही सुधारणाच म्हटली पाहिजे. तरीही तळ आणि हालचाल हे शब्द वाचताना या भागातला माणूस थबकेल. दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर ‘जगायला’ जाणारी कातकरी कुटुंबे हालचालही करतात आणि उघड्यावर तळही देतात. त्यांना दुसरा इलाज नसतो.

आता याच भूभागातली दुसरी बाजू पाहू, कारण माझ्या मते खरा पुरावा तिथे आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली शहापूर तालुका अंशतः वगळलेल्या प्रदेशांत मोडत होता. या प्रदेशांची पाहणी करून सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३९ मध्ये अहवाल दिला. त्यात जमीनदार आणि सावकार आदिवासींकडून वेठ कशी घेतात, लग्नासाठी घेतलेल्या थोड्या रकमेपायी माणूस वर्षानुवर्षे कसा राबतो, हे सरकारी भाषेतच नोंदले आहे. ठाणे जिल्ह्यात अशा माणसाला लग्नगडी म्हणत. नवऱ्याबरोबर नवरीही मालकाच्या कामाला जुंपली जाई आणि कर्ज काही फिटत नसे. ही एका क्रूर माणसाची करणी नव्हती. मालक, दिवाणजी, मारझोड करणारे गडी आणि खोटे हिशेब लिहिणारे हात मिळून हे चालवत होते; त्यात धाक होता, सातत्य होते आणि पैशाचा लाभ होता. यांना कोणी टोळी म्हटले नाही. कलम ४०१ त्यांना लागू होण्याजोगे नव्हते, कारण ते भटके नव्हते आणि त्यांनी केलेली चोरी कायद्याच्या चोरीच्या व्याख्येत बसत नव्हती. वेठबिगारी मोडून काढणारा देशव्यापी कायदा झाला १९७६ मध्ये, आणि त्यात शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षे, गुन्हाही जामीनपात्र.

या पार्श्वभूमीवर १९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मोक्का, वाचला पाहिजे. तो मुंबईतल्या खंडणीच्या आणि सुपारीच्या टोळ्यांसाठी आला, दहशतवादविरोधी टाडा कायदा १९९५ मध्ये संपल्यानंतरची पोकळी भरायला आला. पण त्याची व्याख्या मुंबईपुरती नाही. टोळी म्हणजे दोन किंवा अधिक माणसे. गुन्हा म्हणजे हिंसा, धमकी, जबरदस्ती किंवा इतर बेकायदा मार्गांनी, आर्थिक किंवा अन्य लाभासाठी चालू ठेवलेले कृत्य. चालू म्हणजे मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल होऊन कोर्टाने दखल घेतलेली असणे, आणि तेही तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांत. यात जात नाही, भटकेपणा नाही, तळ नाही. जबरदस्ती, सातत्य आणि लाभ या तीन खुणा आहेत, आणि लग्नगड्याच्या मालकाला त्या शब्दशः लागू पडतात. दीडशे वर्षांत टोळीची इतकी न्याय्य व्याख्या आपल्या कायद्यात आधी झाली नव्हती, असे माझे मत आहे.

तिच्यातले दोष लपवण्यात मात्र अर्थ नाही. पहिला दोष असा की सातत्य मोजायला आरोपपत्र पुरते, शिक्षा लागत नाही. जामीन जवळजवळ बंद, आरोपपत्राला १८० दिवस, पोलीस अधीक्षकासमोरचा कबुलीजबाब पुरावा. इतके सगळे ज्या पायावर उभे राहते तो पाया पोलिसांनीच लिहिलेला कागद आहे. यावर तपास अधिकाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे: टोळीविरुद्ध साक्षीदार उभा राहत नाही, म्हणून शिक्षा होत नाही, म्हणून शिक्षेची अट घातली तर कायदा निकामी होईल. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. म्हणूनच गुन्हा नोंदवण्याआधी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मान्यता आणि खटल्याआधी अपर महासंचालकाची मंजुरी या कायद्यातच ठेवली आहे, आणि जुन्या आरोपपत्रांच्या जोडीला नवा गुन्हा घडलेला असला पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महाराष्ट्राच्याच एका खटल्यात सांगितले. या गाळण्या नुसत्या औपचारिक झाल्या तर मात्र आरोपपत्रांची बेरीज ही जुन्या ‘सवयी’चीच नवी आवृत्ती ठरेल. दुसरा दोष व्याख्येच्या शेवटी आहे: लाभाबरोबर ‘बंडाळीला चालना’ हाही हेतू तिथे जोडला आहे. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. माथेरानच्या वकील कोतवालांचा आझाद दस्ता मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडत होता. हत्यारे, जंगलातला तळ, पुन्हा पुन्हा केलेली तोडफोड हे सगळे तिथे होते. नव्हता तो फक्त स्वतःचा लाभ. लाभाची खूण काढून बंडाळी तेवढी ठेवली, तर सिद्धगडचा दस्ता आणि खंडणीची टोळी यांत व्याख्येला फरक करता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम १११ ने संघटित गुन्ह्याच्या व्याख्येतून बंडाळी वगळली आणि जमीन बळकावणे हे नावानिशी घातले, हे योग्य झाले. समृद्धी महामार्ग शहापुरातून गेला आहे आणि जमिनीला भाव आला आहे. तिथे या दोन शब्दांची गरज पुस्तकी नाही.

पण त्याच संहितेत पुढचेच कलम ११२ आहे, आणि माझा मुख्य आक्षेप त्याला आहे. ‘किरकोळ संघटित गुन्हा’ असे त्याचे नाव. समूहाच्या किंवा टोळीच्या सदस्याने चोरी, हिसकावणी, फसवणूक, अनधिकृत तिकीटविक्री, जुगार ‘किंवा तत्सम’ काही केले तर एक ते सात वर्षे कैद. इथे जबरदस्तीची अट नाही, आधीच्या आरोपपत्रांची नाही, वरिष्ठांच्या मान्यतेची नाही, आणि समूह किंवा टोळी म्हणजे काय हेही कलम सांगत नाही. कोणी म्हणेल, पाकीटमार आणि मालमोटारीतून माल पळवणारे संघटित असतातच, त्यांना साध्या चोरीची शिक्षा का? संघटित असतील तर ते सिद्ध करावे. सिद्ध न करता ‘टोळी’ म्हणायची मोकळीक मिळाली की ती कोणावर वापरली जाते, याचे उत्तर या दोन तालुक्यांनी १८८२ पासून देऊन ठेवले आहे. हा इतिहास संपला, आता जात पाहून कोणी कारवाई करत नाही, असेही म्हटले जाईल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला सवयीचे गुन्हेगार आणि भटक्या जमाती यांविषयीचे तुरुंग नियम तपासावे लागले, आणि विमुक्त, म्हणजे एकेकाळी गुन्हेगार ठरवलेल्या, जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका असे पोलिसांना बजावावे लागले. संपलेल्या गोष्टीसाठी न्यायालय असा आदेश देत नाही.

जुन्या ४०१ मधला ‘भटकी’ हा शब्द नव्या कलम ३१३ मध्ये उरलेला नाही. तो जायला १६२ वर्षे लागली. कलम ११२ साठी इतके थांबण्याची गरज नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे आणि राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला त्यात दुरुस्ती करता येते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मोक्कातल्या सातत्याच्या आणि वरिष्ठांच्या मान्यतेच्या अटी कलम ११२ ला लावाव्यात, आणि हा विषय सभागृहात मांडण्याचे काम शहापूर आणि मुरबाडच्या लोकप्रतिनिधींनी हाती घ्यावे.