कालव्याचा उतार

सरळ रेषेवरील दोन बिंदूंच्या उंचींतील फरकास त्यांच्यामधील क्षितिजसमांतर अंतराने भागले असता रेषेचा उतार (चढ) मिळतो. कालव्याचे पाणी कोणत्या जमिनीस मिळेल, हे बव्हंशी या भागाकारावर ठरते. पुणे जिल्ह्यातील नीरा डावा कालवा हे याचे ठळक उदाहरण होय.

१८७६–७८ च्या दुष्काळात या कालव्याचे काम दुष्काळनिवारणार्थ हाती घेण्यात आले व १८८५ मध्ये त्यातून पाणी सोडण्यात आले. वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाचे पाणी नीरा नदीतून वीर येथे येते व तेथून ते कालव्यात घेतात. सु. १६० किमी. लांबीचा हा कालवा पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतून जातो.

कालव्याच्या मार्गाची पातळी दुर्बिणयुक्त समतलमापकाने ठिकठिकाणी मोजून तिचा आलेख काढतात. उंचवट्यांच्या कडेने वळणे घेत जाणारा कालवा या आलेखात तिरप्या सरळ रेषांनी दर्शविला जातो. प्रवाहाच्या दिशेने उतार ऋण असला, तरी व्यवहारात केवळ त्याचे मूल्य लिहितात. उदा., ५,००० मी. अंतरात तळ १ मी. उतरल्यास उतार १/५,००० होतो. त्याच उताराने १६० किमी. अंतरात तळ ३२ मी. उतरेल. कालव्याचा उतार नदीच्या उतारापेक्षा मंद ठेवतात. त्यामुळे नदी खाली उतरत जाते, कालवा तिच्याहून उंचावर राहतो आणि दोहोंमधील जमीन केवळ गुरुत्वाकर्षणाने भिजविता येते. उतार फार मंद असल्यास वेग कमी होऊन गाळ साचतो. तीव्र असल्यास तळाची धूप होते व भिजणारे क्षेत्र घटते.

कालव्याखालील भागात उसाची बागायत वाढली. मोरगाव, सुपे यांसारखा कालव्याच्या कक्षेबाहेरील भाग मात्र जिरायती राहिला. अशा भागासाठी पुढे जनाई-शिरसाईसारख्या उपसा सिंचन योजना आखण्यात आल्या. उताराविरुद्ध पाणी चढविण्यासाठी त्यांस वीज लागते.

बागायती भागातही उताराचा प्रश्न संपला नाही. खोल काळ्या जमिनीत पाझर व अतिरिक्त पाणी साचून क्षार वर आले. हॅरल्ड मान व व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध केला. शेतापर्यंत पाणी आणण्यासाठी जसा उतार लागतो, तसाच शेतातील जादा पाणी बाहेर काढण्यासाठीही लागतो, हे या खोऱ्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.