फुल्ली-गोळा आणि 304 काडेपेट्या



फुल्ली-गोळा कोणाकडून शिकलात, असं विचारलं तर बहुतेकांना आठवत नाही. मला आठवतं, कारण मी तो शिकवला होता. सेलूला, माहेरच्या ओसरीवर, पाटी-पेन्सिल घेऊन धाकट्या भावाला. मधलं घर आधी धरावं ही खूण मात्र सांगितली नाही. त्यामुळे कितीतरी दिवस मीच जिंकत होते. तो हरत हरत शिकला. मग प्रत्येक डाव बरोबरीत सुटू लागला आणि आमचा खेळच सुटला.

तीन सोंगट्या एका ओळीत आणायचे खेळ फार जुने. आपल्याकडची नवकंकरी त्याच घराण्यातली. तिच्यात दोघांकडे नऊ-नऊ सोंगट्या. नाशिकच्या पांडवलेण्यांत तर दगडातच पट कोरलेले आहेत. पण मला आज सांगायची आहे ती या खेळाची अलीकडची गोष्ट. ती मला नातवाने सांगितली.

डोनाल्ड मिची हे इंग्रज शास्त्रज्ञ 1923 साली रंगूनला जन्मले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्लेचली पार्कला शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडायच्या कामावर होते. यंत्र अनुभवातून शिकू शकेल का, हा प्रश्न तिथूनच त्यांच्या डोक्यात बसला. 1961 साली तो पडताळून पाहायला त्यांच्याकडे संगणक नव्हता. म्हणून त्यांनी काडेपेट्या घेतल्या.

पहिली चाल यंत्राची. त्याच्या वाट्याला येणाऱ्या प्रत्येक स्थितीला एक पेटी. पाटी फिरवली किंवा आरशात धरली की सारख्याच दिसणाऱ्या स्थिती एकच धरल्या. पहिल्या चालीला 1, दुसऱ्या खेपेला 12, तिसऱ्या खेपेला 108, चौथ्या खेपेला 183. बेरीज 304. शेवटच्या चालीला एकच घर उरतं, तिथे पेटी लागत नाही. मी कॉमर्सची, त्यामुळे ही बेरीज स्वतः करून पाहिल्याशिवाय पुढे गेले नाही.

पेटीत रंगीत मणी, एकेका घराचा एकेक रंग. पेटी हलवायची, पुढे जो मणी येईल ते त्या यंत्राचं घर. डाव संपला की हिशेब. जिंकला तर वापरलेल्या प्रत्येक पेटीत त्याच रंगाचे तीन मणी जास्तीचे, बरोबरीला एक. हरला तर निघालेला मणी परत टाकायचाच नाही. पहिल्या पेटीत प्रत्येक रंगाचे चार मणी, शेवटच्यांत एकेकच. म्हणून शेवटची चूक सर्वांत लवकर पुसली जाई. मिची स्वतः 220 डाव खेळले. सुरुवातीला वेड्यासारखं खेळणारं ते यंत्र हळूहळू त्यांना भारी पडू लागलं. त्याला खेळ कोणी समजावला नव्हता. नुसती खतावणी चोख होती.

हे ऐकलं आणि मला प्रतिक्रमण आठवलं. सहा आवश्यकांतलं ते चौथं. दिवसाचा डाव संपला की मागे वळून एकेक चाल पाहायची, चुकली ती चुकली म्हणायची. फरक एवढाच, की काडेपेटी जड आहे, तिचा मणी मिचींनी काढला. जीवाला आपला मणी स्वतःच काढावा लागतो. आणि तो ज्या पेटीतला, तीच पेटी उघडावी लागते.

इथे मी अडकले. वडिलांच्या घराची वाटणी झाली तेव्हा भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला. मी सही केली, पण चारचौघांत त्याला ‘हावरा’ म्हणाले. त्याला अकरा वर्षं झाली. दर संवत्सरीला मोबाइलवर फुलांचं चित्र आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ दीडशे जणांना एकदम जातं, त्यात त्याचाही नंबर असतो. म्हणजे सगळ्या पेट्यांवरून हात फिरवायचा आणि उघडायची एकही नाही! मग तीच चाल पुन्हा निघणार, यात नवल काय? मागच्या दिवाळीतही माझ्या तोंडून त्याला टोमणा गेलाच होता.

परवा भावाला फोन लावला. तो शब्द उच्चारून, त्याच शब्दासाठी क्षमा मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, तुझ्या लक्षात आहे, मला वाटलं नव्हतं.”

संवत्सरीला तो सेलूला यायचा आहे. दीडशे जणांचा निरोप यंदाही जाईल, पण त्याच्या आधी मी वहीत पाच नावं लिहून काढली आहेत. तुम्हीही लिहून पाहा.

मिच्छामि दुक्कडम्.