तेल सांडण्याआधी

समुद्रात सांडलेले तेल आणि त्यात सापडलेले पक्षी, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. यवतमाळच्या श्रोत्यांना तो जरा लांबचा वाटेल. मुंबईचा किनारा आपल्यापासून साडेसहाशे किलोमीटरहून दूर. पण आपल्या मोटारसायकलीत आणि ट्रॅक्टरात जळणाऱ्या इंधनाचे कच्चे तेल बहुतांशी जहाजांतूनच देशात येते. त्या वाटेवर काही सांडले-लवंडले, तर त्याचा थोडा हिशेब आपल्याही खात्यावर येतोच.

७ ऑगस्ट २०१० रोजी 'एमएससी चित्रा' हे मालवाहू जहाज न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर पडत होते. समोरून 'खलिजिया' आत येत होते. मुंबई बंदराच्या तोंडाशीच दोघांची टक्कर झाली आणि चित्रा एका अंगावर कलंडले. खलाशी वाचले. पण जहाजावरच्या बाराशेहून अधिक कंटेनरांपैकी शेकडो पाण्यात पडले, सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. उरण-अलिबागकडची खारफुटी काळी पडली, मासेमारी थांबली, मुंबईकरांनी काही दिवस मासळीकडे पाठ फिरवली. वर्षही पुरते झाले नव्हते, तोच ४ ऑगस्ट २०११ रोजी कोळसा घेऊन निघालेले 'रॅक कॅरियर' मुंबईजवळ बुडाले आणि पुन्हा तेलाचा तवंग पसरला.

दोन्ही अपघात ऑगस्टमधले, भर पावसाळ्यातले. ठाण्याच्या खाडीत हजारोंच्या संख्येने उतरणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आणि चिखलात चोची खुपसून फिरणारे पाहुणे पक्षी तेव्हा यायचे होते. हेच डिसेंबर-जानेवारीत घडले असते तर? त्या वेळी पक्षी वाचले यात आपली तयारी किती आणि नशीब किती, हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे.

तेल पक्ष्याला मारते कसे, हे आधी समजून घेऊ. पिसांचे बारीक तंतू एकमेकांत आकड्यांसारखे अडकलेले असतात. त्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि अंगाची ऊब बाहेर जात नाही. तेल लागले की ही वीण उसवते. पक्षी गारठतो, जड होतो, बुडू लागतो. तो चोचीने पिसे साफ करू पाहतो आणि तेच तेल त्याच्या पोटात जाते. म्हणजे बाहेरून थंडी आणि आतून विष.

या पक्ष्यांना वाचवण्याचा इतिहास अपयशापासून सुरू होतो. १८ मार्च १९६७ रोजी 'टॉरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. लाखाहून अधिक टन कच्चे तेल त्यात होते. तवंग घालवायला समुद्रात आणि किनाऱ्यावर हजारो टन रसायने ओतली गेली. त्या रसायनांनी किनाऱ्यावरचे जीव आणखी मारले. लोकांनी हजारो पक्षी उचलून आणले, धुतले. त्यातले फारच थोडे जगले. दया होती, हातही होते. पण पक्षी धुवायचा कसा, हेच कुणाला ठाऊक नव्हते.

जानेवारी १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत दोन तेलवाहू जहाजे एकमेकांवर आदळली. तिथेही हजारो पक्षी तेलाने माखले आणि वाचले ते शेकड्यांत. त्या धावपळीत अ‍ॅलिस बर्कनर नावाची एक परिचारिका होती. पुढच्या खेपेला असे होऊ नये म्हणून तिने त्याच वर्षी 'इंटरनॅशनल बर्ड रेस्क्यू' ही संस्था उभी केली. मग वर्षानुवर्षे प्रयोग करून पद्धत बसत गेली. पक्षी आणल्याबरोबर धुवायचा नाही. आधी त्याला ऊब द्यायची, पाणी पाजायचे, पोषण द्यायचे, त्याच्यात ताकद आली की मग धुवायचे. कोमट पाण्यात भांडी घासायचा सौम्य साबण घालून तेल काढायचे आणि साबणाचा कणही पिसांत राहू द्यायचा नाही. त्यानंतर सुकवणे, तलावात पोहायला सोडणे, आणि पाणी अंगात मुरत नाही याची खात्री पटली की मोकळे करणे.

याचे फळ दक्षिण आफ्रिकेत दिसले. जून १९९४ मध्ये 'अपोलो सी' बुडाले तेव्हा सुमारे १० हजार पेंग्विन तेलात सापडले आणि जवळपास निम्मेच वाचले. त्यातून तिथले लोक शिकले. जून २००० मध्ये 'ट्रेझर' हे जहाज रॉबेन बेटाजवळ बुडाले. मंडेलांच्या तुरुंगवासामुळे जगाला माहीत झालेले हेच ते बेट. या वेळी तेलाने माखलेले पेंग्विन सुमारे १९ हजार होते. 'सॅनकॉब' ही १९६८ सालापासून समुद्रपक्ष्यांसाठी काम करणारी संस्था जागेवर होती, जगभरातले जाणकार धावून आले, एका मोठ्या शेडचे इस्पितळ झाले आणि हजारो स्वयंसेवक राबले. शिवाय तेल न लागलेले आणखी १९ हजारांवर पेंग्विन गाड्यांतून शेकडो किलोमीटर दूर पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडले. ते पोहत घरी येईतो तेलाची सफाई चालू राहिली. माखलेल्यांपैकी बहुसंख्य पेंग्विन पुन्हा समुद्रात गेले. दोन्ही अपघातांत सहाच वर्षांचे अंतर. मधल्या काळातला अनुभव कामी आला.

आपल्याकडे मे १९९३ मध्ये बॉम्बे हायहून येणारी तेलवाहिनी फुटली होती. १९९६ साली तेलगळतीसाठी राष्ट्रीय आराखडा तयार झाला आणि त्याची धुरा तटरक्षक दलाकडे आहे. तवंग अडवणारी, तेल उपसणारी साधने आहेत, सरावही होतात. पण वन्यजीवाला हात लावायचा तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी लागते. तेव्हा ही दोन खाती, पशुवैद्य, कोळीवाड्यातली माणसे आणि पक्षिमित्र यांची ओळख अपघाताच्या दिवशी होऊन चालत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या एन्नोर खाडीत तेल पसरले, तेव्हा झोळीवाले पेलिकन माखले. उडू शकणारा पक्षी हाती लागत नाही आणि हाती लागतो तेव्हा तो अर्धमेला असतो, हे तिथे दिसले. आपल्या डहाणूत जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. म्हणजे माणसे आहेत, माया आहे. एका वेळी पाचशे पक्षी आले तर शेड कुठली, गरम पाणी कुठून, हे मात्र आधीच ठरलेले हवे.

यात आपल्या जिल्ह्याच्याही कामाची एक गोष्ट आहे. कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा थर असतो. तो पाणी दूर ठेवतो आणि तेल ओढून घेतो. अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात शेषाद्री रामकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पुरता न पिकलेला, बाजारात कमी भाव मिळणारा कापूस आपल्या वजनाच्या ३० पटीहून अधिक तेल शोषतो. पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यात हलक्या कापसाचे दु:ख कुणाला सांगायला नको. किनाऱ्यावरच्या कोठारांत अशा कापसाचे गठ्ठे ठेवता येतील का, याचा विचार सरकारने जरूर करावा.

नूह पैगंबर कोरड्या जमिनीवर नौका बांधत होते तेव्हा लोक त्यांना हसत होते. पाऊस सुरू झाल्यावर ती बांधता आली नसती. तेलगळतीचा पुढचा सराव होईल तेव्हा त्यात पक्षी धुण्याचाही सराव असावा, आणि तो ऑक्टोबरच्या आत, पाहुणे उतरण्याआधी व्हावा, एवढेच मागणे आहे.