अनवाणी पायांची मॅरेथॉन

हिवाळ्यात पहाटे साडेपाचला छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ परिसरात गेलात तर दोन तऱ्हेचे धावणारे दिसतात. एक, पोलीस भरतीची पोरे. सोळाशे मीटरचा हिशेब डोक्यात, पायात झिजलेले बूट आणि त्यांच्यातलाच एक मोबाइलवर वेळ लावून कडेला उभा. दुसरे, नोकरी-धंद्यातले चाळिशी-पन्नाशीचे लोक. मनगटावर किलोमीटर मोजणारे घड्याळ, बोलण्यात येत्या रविवारची मॅरेथॉन. मॅरेथॉन म्हणजे मोठ्या शहरांतून आलेली पैसेवाल्यांची हौस, असा समज दोन्हीकडे दिसतो. इतिहास मात्र उलटे सांगतो. आपल्याकडे मॅरेथॉन रुजली ती शेतात राबणाऱ्या पोरांच्या अनवाणी पायांनी.

शब्द ग्रीसमधला. मॅरेथॉन हे अथेन्सजवळचे गाव. इ. स. पू. 490 मध्ये तिथे पर्शियनांचा पराभव झाला आणि ती खबर घेऊन एक जासूद अथेन्सपर्यंत धावला, अशी आख्यायिका आहे. तिच्यावरून 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्ये सुमारे 40 किलोमीटरची शर्यत ठेवली गेली. ती जिंकली स्पिरिदोन लुईस नावाच्या पाणक्याने. म्हणजे मुळातच हा खेळ कष्टकऱ्याच्या पायांचा. आज धावतात ते 42.195 किलोमीटर अंतर 1908 च्या लंडन ऑलिम्पिकमधले. नियम म्हणून ते पक्के झाले 1921 मध्ये.

महाराष्ट्रातली गोष्ट सुरू होते पुण्यात. 1906 मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने पहिल्या महायुद्धानंतर सर दोराबजी टाटांना अध्यक्षपद दिले. त्यांनी तिथे जे पाहिले ते पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना पत्रातून कळवले. मैदान लहान, खडबडीत गवताचे, रोलरही न फिरवलेले. शंभर मीटरची शर्यत वळणावरून धावायची आणि तीही धावपट्ट्या वेगळ्या करणाऱ्या दोऱ्या न बांधता. धावणारी पोरे शेतकऱ्यांची. साधे अन्न खाऊन वाढलेली, युरोपीय नियम किंवा प्रशिक्षण कधी न पाहिलेली. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीत तीच पोरे खडीच्या कडक रस्त्यावर अनवाणी धावत आणि त्यांची वेळ परदेशी धावपटूंच्या जवळ जाई. दोराबजींच्या मनात तिथेच आले की ही मुले ऑलिम्पिकला गेली पाहिजेत. मुंबई प्रांताचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचा पाठिंबा त्यांनी मिळवला, पैसा उभा केला आणि 1920 मध्ये भारताचा संघ बेल्जियममधल्या अँटवर्पला रवाना झाला.

त्या संघात मॅरेथॉनसाठी दोघे होते: बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुल्यांनी ती 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत संपवली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. तिथला मार्ग 42.75 किलोमीटरचा होता, आजच्या मॅरेथॉनहून अर्ध्या किलोमीटरने जास्त. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेनने सुवर्णपदक घेतले ते 2 तास 32 मिनिटांत. दोघांत अठरा मिनिटांचे अंतर. पण एका बाजूला जगातला नामवंत धावपटू आणि दुसऱ्या बाजूला जिमखान्याच्या खडबडीत मैदानावरून निवडून गेलेला गडी. हे लक्षात घेतले की एकोणिसाव्या क्रमांकाचे मोल कळते.

त्यानंतर मॅरेथॉन लोकांपर्यंत यायला बराच काळ गेला. 1983 मध्ये पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, 2004 मध्ये मुंबईची. 2012 मध्ये साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटातून अर्धमॅरेथॉन धावली गेली आणि जिल्ह्याच्या गावालाही आपली स्वतःची शर्यत असू शकते, हे दिसले. मग आपल्या शहरातही चेस्ट नंबर, पेसर, फिनिशर मेडल हे शब्द रुळले. शब्दाचा अर्थही पसरला. पाच किलोमीटरच्या दौडीला गावोगाव मॅरेथॉनच म्हणतात आणि लांबलेल्या बैठकीला वर्तमानपत्रे ‘मॅरेथॉन बैठक’ म्हणतात.

मराठवाड्याने या इतिहासात एका सुंदर नोंदीची भर घातली आहे. 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या परभणीच्या ज्योती गवते. त्यांची वेळ 2 तास 50 मिनिटे 53 सेकंद. चौगुल्यांच्या वेळेहून फक्त आठ सेकंद जास्त! अंतर थोडे वेगळे, काळ जवळजवळ शंभर वर्षांचा, पण बेळगावचा तो गडी आणि परभणीची ही लेक घड्याळावर शेजारीशेजारी उभे आहेत. या खेळात लहान गावाने काय करून दाखवले, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

म्हणून आयोजकांना एक विनंती. पुढच्या शर्यतीत भरतीच्या पोरांसाठी आणि जिल्हा परिषद शाळांतल्या मुलामुलींसाठी काही जागा बिनशुल्क ठेवा. त्यांच्या चेस्ट नंबरवर फडेप्पा चौगुल्यांचे नाव छापा. मॅरेथॉन आपल्याकडे ज्यांच्या पायांनी आली, त्यांना ती फी मागून परत देऊ नये.