सातबारा न मागणारा प्रोटोकॉल

बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजे बीजीपी, ही इंटरनेट कंपन्यांच्या राउटरांनी एकमेकांना वाटा सांगण्याची पद्धत. जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरी अभियंत्यांची बैठक भरली असताना सिस्कोचे कर्क लोहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी तिचा पहिला आराखडा जेवणाच्या टेबलावर, कागदी नॅपकिनांवर काढला. आधीची पद्धत वाढत्या जाळ्याला पुरी पडत नव्हती, आणि तेव्हा जाळ्यावरचे बहुतेक जण एकमेकांना ओळखत होते. ‘अमुक प्रिफिक्स, म्हणजे पत्त्यांचा सलग गट, माझ्याकडे आहे’ असे एका राउटरने सांगितले की शेजारचा ते मान्य करी आणि पुढच्याला कळवी. सांगणाऱ्याकडे सातबारा मागायची सोयच त्या आराखड्यात नव्हती.

याला जोड आणखी एका नियमाची. एकाच पत्त्यावर दोघांनी हक्क सांगितला तर ज्याचा गट लहान, म्हणजे जास्त नेमका, त्याच्याकडे वाहतूक वळते. एरवी सोयीचा असलेला हा नियम २५ एप्रिल १९९७ रोजी अंगाशी आला. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका छोट्या कंपनीच्या राउटरने जगभरातून आलेल्या वाटांचे बारीक तुकडे केले आणि ते सगळे आपलेच म्हणून जाहीर केले. जगाची वाहतूक त्या गल्लीत घुसली. अभियंत्यांनी राउटरची वीज आणि फायबर दोन्ही तोडली, तरी खोट्या वाटा बाकीच्यांच्या राउटरांतून काही तास फिरत राहिल्या. इंटरनेटवर कंपनीच्या जाळ्याला असलेल्या क्रमांकावरून ही घटना ‘एएस ७००७’ म्हणून ओळखली जाते. पुढच्याच वर्षी, मे १९९८ मध्ये, लॉफ्ट या हॅकर गटाने अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर सांगितले की अशाच दुबळेपणाचा फायदा घेऊन इंटरनेट अर्ध्या तासात ठप्प करता येईल.

उपाय ठाऊक होता: फिल्टर. ग्राहकाकडे कोणते प्रिफिक्स आहेत याची यादी ठेवायची आणि बाकीचे नाकारायचे. पण यादी सांभाळणे हे कटकटीचे काम. ग्राहक नवा प्रिफिक्स घेतो, कळवायला विसरतो. त्याचा ट्रॅफिक अडतो आणि रात्री दोनला नेटवर्क कक्षातला फोन वाजतो. पेंगुळलेला अभियंता फिल्टर सैल करतो, पुन्हा आवळायचे राहून जाते. शिवाय आपल्या फिल्टरने वाचतात ती मुख्यतः दुसऱ्यांची जाळी, त्यामुळे त्यावर खर्च करायला कोणी उत्सुक नसते.

या ढिलाईची किंमत २४ फेब्रुवारी २००८ रोजी दिसली. सरकारी आदेशानुसार पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त देशात बंद करायचे होते. त्यासाठी तिने यूट्यूबच्या १,०२४ पत्त्यांच्या प्रिफिक्समधला २५६ पत्त्यांचा तुकडा आपला म्हणून जाहीर केला. ही जाहिरात देशाबाहेर गेली. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने, जिच्यामार्फत पाकिस्तान टेलिकॉम जगाशी जोडलेली होती, ती न तपासता पुढे ढकलली आणि जगभरच्या प्रेक्षकांना यूट्यूब दिसेनासे झाले. सुमारे सव्वा तासाने यूट्यूबने तेवढाच तुकडा जाहीर केला, मग त्याचेही दोन भाग करून जाहीर केले. ‘लहान जिंकतो’ हाच नियम पाकिस्तान टेलिकॉमवर उलटवला. पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तानी वाट तोडली तोवर दोन तासांहून अधिक वेळ गेला होता.

सातबाऱ्याची सोय २०११ पासून मिळू लागली. आरपीकेआय या व्यवस्थेत प्रिफिक्सधारक सही केलेली नोंद ठेवतो, आणि ती न जुळणारी जाहिरात राउटर फेटाळू शकतो. पण त्यासाठी धारकाने नोंद करायला हवी आणि दुसऱ्याने तपासणी चालू करायला हवी. एप्रिल २०२१ मध्ये भारतातल्या एका मोठ्या ऑपरेटरकडून तीस हजारांहून अधिक परके प्रिफिक्स बाहेर पडले, तेव्हा ही व्यवस्था दहा वर्षांची झाली होती. शिवाय ती मालकी तपासते, वाट नाही. वाटेवरच्या प्रत्येक राउटरने सही करावी असा बीजीपीसेक हा मसुदा २०१७ मध्ये मान्य झाला. जुन्या राउटरांना तो भार पेलत नाही आणि मधला एक जरी न सामील झाला तरी सह्यांची साखळी तुटते, म्हणून त्याचा वापर नगण्यच राहिला.