एकोणिसावा नंबर

1920 साली बेळगावचा एक माणूस ऑलिंपिकची मॅरेथॉन धावला, असं सांगितलं की बायका आधी नाव विचारतात. फडेप्पा दरेप्पा चौगुले म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "आपल्यातले काय हो?" चौगुले आडनाव आपल्यात आहेच, बस्तीत दहाजणी बसल्या तर एक तरी चौगुले वहिनी निघते. पण चौगुला म्हणजे गावच्या पाटलाच्या हाताखालचा वतनदार. जैन, लिंगायत, मराठा, ज्या घरी ते काम होतं ते घर चौगुले झालं. तेव्हा आडनावावरून नातं लावत बसू नये. मराठी की कानडी, हाही वाद नको. फडेप्पा हे नाव कानडी वळणाचं, बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, आणि निवड झाली ती पुण्यात.

पुण्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 1919 साली डेक्कन जिमखान्याच्या खेळांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांचे पोरगे, पायात काही नाही, शर्यतीचे नियमही कुणाला धड ठाऊक नाहीत. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या आसपास जातात, हे बघून टाटा चकित झाले. हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला का जाऊ नये, हा विचार तिथला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी शब्द टाकला, टाटांनी पदरचे पैसे घातले. व्यवस्था बघणाऱ्यांची तयारी मात्र बेताचीच. शंभर यार्ड पळायला किती वेळ लागावा, असं टाटांनी समितीतल्या एका बड्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, अर्धा मिनिट ते एक मिनिट! तिथं सेकंदाच्या दहाव्या भागाचा हिशोब असतो हे ऐकून तो गारच झाला. पळणाऱ्या पोरांना निदान पळणं तरी येत होतं.

सहाजण निवडले. चार धावणारे, दोन पैलवान. पैलवानांतले रणधीर शिंदे त्यांच्या गटात चौथे आले, म्हणजे पदक जरासं हुकलं. मॅरेथॉनला चौगुले आणि सदाशिव दातार. बोटीनं इंग्लंड, तिथं काही आठवडे सराव, मग बेल्जियममधलं अँटवर्प. पहिल्या महायुद्धात पोळलेला देश, युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती.

22 ऑगस्टला शर्यत झाली. गारठा आणि पाऊस. अंतर त्या वर्षी 42.75 किलोमीटर, म्हणजे आताच्या मॅरेथॉनपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्तच. बेळगावहून निपाणीच्या रस्त्याला लागलं तर संकेश्वर जवळ येईतो पळत राहायचं. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. फिनलंडचे हान्स कोलेहमाइनेन 2 तास 32 मिनिटांत पहिले आले. चौगुले 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांनी पोचले, एकोणिसावे.

एकोणिसावा म्हटलं की ऐकणाऱ्यांचे चेहरे पडतात. मला मात्र हिशोब करायची सवय. एका किलोमीटरला चार मिनिटं पडतात, आणि ती चाल पावणेतीन तासांच्या वर टिकवलेली. आम्ही सकाळी चौथ्या रेल्वे गेटाकडं झपाझप चालतो तेव्हा एका किलोमीटरला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि घरी आल्यावर गुडघ्याला तेल. चार मिनिटांत एक किलोमीटर तरुण पोरांना एकदा पळून दाखवू दे, मग बोलू.

इतकं करून आलेल्या माणसासाठी पुढं काय होतं? खेळाडूंसाठी राखीव नोकरी नाही, मानधन नाही, शिकवणारा गुरू नाही. भारतीय ऑलिंपिक संघटनासुद्धा 1927 ची, तिचे पहिले अध्यक्षही टाटाच. 1924 च्या पॅरिसला मॅरेथॉन धावले ते महादेव सिंग, ते 29 वे आले. चौगुल्यांची ऑलिंपिकची कारकीर्द अँटवर्पलाच संपली. आपण बायका तर त्या यादीत फारच उशिरा आलो. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन सुरू झाली 1984 ला. त्याआधी एवढं अंतर बायकांना झेपायचं नाही म्हणे! घागरी वाहणाऱ्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं.

चौगुल्यांच्या पुढचा नंबर ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये भारतीय माणसाला मिळाला तो 1976 ला, माँट्रियलमध्ये. शिवनाथ सिंग, अकरावे. मध्ये छप्पन्न वर्षं गेली होती.